शुक्रवारपेठेतील ‘गंगोत्री’

धारवाडच्या शुक्रवारपेठेतील ज्या घरात 5 मार्च 1913 रोजी गायिका गंगूबाई हनगल यांचा जन्म झाला, ते घर कर्नाटक शासनाने दुरुस्त करून ‘गंगोत्री’ या नावाने स्मारक म्हणून राखले. हुबळीच्या देशपांडेनगरातील त्यांच्या पुढच्या घराचे नाव ‘गंगालहरी’, आणि तेथेही त्यांच्या स्मृतीचे संग्रहालय आहे. उगमाला गंगोत्री आणि प्रवाहाला, जगन्नाथ पंडितांच्या स्तोत्राचे स्मरण देणारी, गंगालहरी अशी ही नावांची जोडी सुरेख असली, तरी धारवाडच्या घरातील उगम इतका सरळ नव्हता.

हे घर गायनावर उपजीविका करणाऱ्या स्त्रियांचे होते. अशा कुटुंबांत वंश आईकडून चाले. म्हणूनच गंगूबाईंनी वडिलांचे नाडिगेर हे आडनाव लावले नाही, पतीचे कौलगी हेही नाही, तर हनगल हे आईकडच्या गावाचे नाव लावले. भोवतालची वस्ती ब्राह्मणांची असल्याने सोवळ्याओवळ्याची रेषा उंबऱ्यापाशीच सुरू होई. 1924 साली बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनात महात्मा गांधींसमोर स्वागतगीत गाणाऱ्या या मुलीच्या मनात गाण्यापेक्षा, जेवणानंतर आपल्याला उष्टी काढायला सांगतील की काय, हीच धास्ती अधिक होती, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. घराच्या भिंतींइतकीच ही धास्तीही त्या घराच्या इतिहासात मोडते.

आई अंबाबाई कर्नाटक संगीत, म्हणजे दक्षिणेची शास्त्रीय पद्धती, गात आणि ते ऐकण्यासाठी किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ या घरी येत. 1956पर्यंत मुंबई राज्यात असलेल्या धारवाडात मराठी संगीत नाटक मंडळ्यांचा राबता होता, शिवाय म्हैसूर दरबाराकडे जाणारे उत्तरेचे गवई वाटेत येथे थांबत. त्यामुळे मुलीचा कान हिंदुस्थानी ख्यालाकडे, म्हणजे रागाच्या विस्तारशील गायनाकडे, वळला, यात नवल नाही. नवल आईचे आहे. दोन पद्धतींत स्वर लावण्याची आणि गमकाची, म्हणजे स्वर आंदोलित करण्याची, रीत वेगळी असते, म्हणून मुलीच्या गळ्यात सरमिसळ होऊ नये यासाठी अंबाबाईंनी स्वतःचे गाणे थांबवले. गंगूबाईंच्या सुरांची ध्वनिमुद्रणे जपता येतात; हे मौन कोणत्या कपाटात मांडावे?

तालमीसाठी कुटुंब 1928 साली सुमारे 20 किलोमीटरवरील हुबळीला आले. तेथे कृष्णाचार्य हुलगूर यांच्याकडे वर्षभरात साठेक बंदिशी झाल्या आणि मानधनावरून ती शिकवणी तुटली. किराणा घराण्याची खरी बैठक लाभली ती सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, यांच्याकडे, आणि त्यासाठी गंगूबाई हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला जात. गुरूच्या घरी त्या वेळी भीमसेन जोशीही शिकत होते. ती सलग तालीम ऐकायला अंबाबाई नव्हत्या. 1932 सालीच त्या निवर्तल्या होत्या.