वळिवड्याची छावणी

१७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत सैन्य पूर्व पोलंडमध्ये शिरले आणि पुढील दोन वर्षांत तेथील लाखो रहिवाशांना मालगाड्यांत भरून सायबेरिया व कझाकस्तानात नेण्यात आले. जर्मनीने सोव्हिएत संघावर चाल केल्यानंतर, जुलै १९४१ मध्ये, लंडनमधील परागंदा पोलिश सरकार, म्हणजे मायदेश शत्रूच्या ताब्यात गेल्याने परदेशातून कारभार करणारे सरकार, आणि मॉस्को यांच्यात करार झाला. त्यामुळे सुटका झालेल्यांपैकी हजारो स्त्रिया व मुले १९४२ मध्ये जनरल अँडर्स यांच्या पोलिश सैन्याबरोबर इराणात पोहोचली. भारतातही अशा लोकांना आसरा मिळाला: नवानगर संस्थानाचे राजे जामसाहेब यांनी बालाचडी येथे मुलांना आश्रय दिला, तर कोल्हापूर संस्थानात, पंचगंगेजवळच्या वळिवडे गावी, १९४३ मध्ये कुटुंबांसाठी छावणी उभी राहिली आणि तेथे सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहिली.

कर्ते पुरुष बहुधा आघाडीवर असल्याने छावणीचा संसार स्त्रियांनीच चालवला. बराकींच्या रांगांत प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र खोल्या होत्या. शाळा, चर्च, रुग्णालय, बालवीर पथके आणि नाट्यप्रयोग यांमुळे तेथे एक पोलिश गावच नांदू लागले, आणि क्षयरोग्यांसाठी पाचगणीची हवा उपयोगी पडली. खर्चाचा भार परागंदा सरकारवर होता व रेड क्रॉसच्या कामात मुंबईतील पोलिश वाणिज्यदूताच्या पत्नी किरा बानासिन्स्का अग्रभागी होत्या. अन्नछत्र घालून न थांबता माणसांच्या हाती त्यांचा कारभार सोपवला गेला, यातच या छावणीचे खरे मोठेपण आहे.

युद्ध संपले तेव्हा खरा पेच उभा राहिला. याल्टा येथील दोस्त राष्ट्रांच्या परिषदेतील निर्णयानुसार पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे गेल्याने, बहुतेकांचे घर ज्या भूमीवर होते ती आता पोलंडमध्ये उरलीच नव्हती. शिवाय जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने परागंदा सरकारची मान्यता काढून घेतली, आणि पुढे या लोकांची जबाबदारी संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन यंत्रणेवर आली. परत जाण्याची सोय असणे आणि परतण्याजोगे घर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे कळून येते. काही जण पोलंडला परतले. पुष्कळांनी मात्र ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा व अमेरिका येथे नवा संसार मांडला. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली.

त्याच बराकींत मग फाळणीने घरदार गमावलेली सिंधी कुटुंबे आली. दक्षिण महाराष्ट्राला घाऊक कापडबाजारासाठी परिचित असलेले गांधीनगर ते हेच. एका निर्वासित समाजाने सोडलेल्या जागी दुसऱ्याने स्वकष्टाने पेठ उभारली.

वळिवड्यातील आश्रय संस्थानाच्या व तत्कालीन सरकारांच्या इच्छेवर उभा होता, त्यामागे निर्वासितांचा हक्क मानणारा कायदा नव्हता. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर अद्याप स्वाक्षरी केलेली नाही आणि देशात या विषयाचा स्वतंत्र कायदाही नाही. तो व्हायला हवा.