तीन सेकंदांचा इतिहास

ज्या सर्व्हरकडून काहीच उत्तर येत नाही, त्याला तुमचा प्रोग्राम जोडायला गेला तर लिनक्सच्या बऱ्याच आवृत्त्यांवर तो 127 सेकंद ताटकळतो. विंडोजच्या बऱ्याच आवृत्त्यांवर तोच कोड 21 सेकंदांत हात टेकतो. कोड एकच, मग आकडे वेगळे का?

हिशोब सोपा आहे. उत्तर आलं नाही की सिस्टिम विनंती पुन्हा पाठवते आणि दर वेळी दुप्पट थांबते. 3+6+12 म्हणजे 21. लिनक्सच्या त्या आवृत्त्यांत 1 पासून 64 पर्यंत दुप्पट करत गेलं की बेरीज 127. म्हणजे सगळा खेळ पहिल्या आकड्याचा आणि किती वेळा प्रयत्न करायचा याचा.

आता थोडं मागे जाऊ. ऑक्टोबर 1986 मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीची प्रयोगशाळा आणि विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला 32 हजार बिटवरून 40 बिटवर आला. अंतर जेमतेम 400 यार्ड! नेटवर्क तुंबलं होतं आणि घाईने पुन्हा पाठवलेली पाकिटं ते आणखी तुंबवत होती. व्हॅन जेकबसन यांनी 1988 च्या निबंधात यावर उपाय मांडले. 1989 च्या आरएफसी 1122 या नियमपत्राने पहिली वाट 3 सेकंदांची ठरवली.

हा आकडा 22 वर्षं टिकला. पण विरार ते चर्चगेट हे सुमारे 60 किलोमीटर अंतर फायबरमधून कापायला सिग्नलला 0.3 मिलिसेकंद पुरतात. भूस्थिर उपग्रहामार्फत जाऊन-येऊनही साधारण अर्धा सेकंदच लागतो. मग 3 सेकंद कशाला?

2011 मध्ये आरएफसी 6298 ने तो 1 सेकंदावर आणला, तोही मोजमाप दाखवून: 97.5 टक्क्यांहून जास्त जोडण्यांत फेरी एका सेकंदाच्या आत पूर्ण होत होती. उरलेल्यांनाही वाऱ्यावर सोडलं नाही. जोडणीची पहिली विनंती पुन्हा पाठवावी लागली, तर पुढे डेटा पाठवताना 3 सेकंदच धरायचे.

तुमच्या संशोधनातल्या कोडमध्ये असा मोठा टाइमआउट दिसला, तर लगेच कात्री लावू नका. तो कोणत्या काळातल्या नेटवर्कसाठी होता ते शोधा, आजचे वेळ मोजा, आणि हळू चालणाऱ्यांचं काय करणार तेही लिहा. आकडा बदलणं एका ओळीचं काम आहे. तो का बदलला, हे प्रबंधात तुम्हालाच सांगायचं आहे.