मेमरी कार्डमध्ये जागा आहे, तरी गाणी बसेनात? स्पीकर आणि एमपी थ्री प्लेअरची नेमकी अडचण काय, उपाय काय?

सोलापूर : ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर असो, शेतातली वस्ती असो की आषाढीची दिंडी, मेमरी कार्ड किंवा पेन ड्राइव्ह लावून वाजणारा छोटा स्पीकर जिल्ह्यात सगळीकडे दिसतो. भजन, कीर्तन, भारूड, लोकगीतं सगळं त्यातच. पण एक तक्रार नेहमीची : कार्डमध्ये जागा दिसते, तरी नवीन गाणी जात नाहीत. किंवा गाणी भरली जातात, पण स्पीकर ती वाजवत नाही. अशा वेळी अनेकजण थेट कार्ड फॉरमॅट करतात आणि त्यातलं सगळं पुसलं जातं. सिनेमाची गाणी परत मिळतील, पण गावातल्या भजनी मंडळाचं जुनं रेकॉर्डिंग किंवा आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या परत मिळणार नाहीत. म्हणून आधी कारण शोधा, फॉरमॅट सगळ्यात शेवटी.

32 जीबीचं कार्ड 29.8 जीबीच का दाखवतं?

ही फसवणूक नाही. कंपनी 1 जीबी म्हणजे 100 कोटी बाइट धरते. फोन किंवा कॉम्प्युटर बहुतेक वेळा 1 जीबी म्हणजे सुमारे 107 कोटी 37 लाख बाइट धरतो. त्यामुळे 32 जीबीचं कार्ड 29.8 जीबी दिसतं. मात्र 32 चं कार्ड 20 किंवा 15 दाखवत असेल तर गडबड आहे.

किती गाणी बसतात?

हे गाण्याच्या दर्जावर, म्हणजे बिटरेटवर ठरतं. 32 जीबी कार्डचा साधारण हिशोब असा :

- 128 केबीपीएस एमपी थ्री : मिनिटाला सुमारे 1 एमबी. पाच मिनिटांची साडेसहा हजारांच्या आसपास गाणी.
- 320 केबीपीएस एमपी थ्री : मिनिटाला 2.4 एमबी. तीच गाणी सुमारे 2,600.
- सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल : मिनिटाला साडेदहा एमबी. दोन तासांचं एक कीर्तन सव्वा जीबीच्या पुढे जातं.

तेच दोन तासांचं कीर्तन 128 केबीपीएसमध्ये 115 एमबीत बसतं. लहान स्पीकरवर बोलण्याच्या आवाजात फारसा फरक जाणवत नाही. जागा कमी पडत असेल तर आधी वेव्ह फाइल शोधा. पण स्वतः केलेल्या रेकॉर्डिंगची मूळ फाइल दुसरीकडे जपून ठेवा, कारण लहान केलेली फाइल पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

जागा आहे, तरी 'कार्ड फुल्ल' का म्हणतं?

हा प्रकार जुन्या 1 किंवा 2 जीबीच्या कार्डात होतो. त्यात फॅट 16 नावाची पद्धत असते. या पद्धतीत फोल्डर न करता थेट कार्डवर टाकलेल्या फाइलींच्या नोंदीसाठी साधारण 512 ओळीच असतात. नाव लांब असेल तर दर 13 अक्षरांना एक ओळ लागते, शिवाय आणखी एक. मराठीत काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. म्हणजे 40 अक्षरी नावाच्या एका गाण्याला पाच ओळी. शंभरेक गाण्यांतच वही भरते, कार्ड मात्र मोकळंच राहतं.

उपाय सोपा आहे. 'अभंग', 'कीर्तन', 'भारूड' असे फोल्डर करा आणि गाणी त्यात हलवा. फोल्डरच्या आत 512 ची मर्यादा नसते. नावंही छोटी ठेवा.

मोठी फाइल जातच नाही?

32 जीबीपर्यंतची कार्डं सहसा फॅट 32 पद्धतीची असतात. यात एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी चालत नाही, मग कार्डात 20 जीबी मोकळी असली तरी. सप्ताहातला रात्रभराचा जागर वेव्हमध्ये रेकॉर्ड केला तर पावणेसात तासांत ही मर्यादा येते. लग्नाच्या मोठ्या व्हिडिओचंही तसंच. अशी फाइल दोन-तीन भागांत करा.

64 जीबीचं नवीन कार्ड स्पीकर ओळखत नाही?

32 जीबीच्या वरची कार्डं एक्सफॅट पद्धतीची येतात. फोन ती वाचतो, पण अनेक स्वस्त स्पीकर वाचत नाहीत. विकत घेण्याआधी स्पीकरच्या खोक्यावर किती जीबीपर्यंत चालतं ते बघा. लिहिलेलं नसेल तर 32 जीबीचं कार्ड घेणं सोयीचं.

गाणी दिसतात, पण वाजत नाहीत?

- व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला आवाज बहुतेक वेळा ओपस प्रकारात असतो. साधे स्पीकर तो वाजवत नाहीत. नावापुढे एमपी थ्री लिहून भागत नाही, कन्व्हर्टर अ‍ॅपने बदलावं लागतं.
- काही प्लेअर ठरावीक संख्येपर्यंतच फाइली वाचतात. पुढची गाणी असूनही दिसत नाहीत. निम्मी गाणी काढून बघा, म्हणजे कळेल.
- गाणी उलटसुलट वाजत असतील तर प्लेअर कॉपी केलेल्या क्रमाने वाजवत असतो. काकडा, हरिपाठ असा क्रम हवा असेल तर त्याच क्रमाने एकेक फाइल कॉपी करा.

कार्ड बनावट तर नाही?

बाजारात कमी जागेचं कार्ड जास्त जीबी दाखवून विकलं जातं. सुरुवातीची गाणी नीट वाजतात. खरी जागा संपली की पुढच्या फाइली खराब होतात किंवा जुन्यांवर लिहिल्या जातात. नवं कार्ड घेतलं की पूर्ण भरा आणि शेवटची गाणी वाजवून बघा. कॉम्प्युटर असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर रिकाम्या कार्डाची खरी जागा तपासतं. बिल घ्यायला विसरू नका.

फॉरमॅट करायचंच असेल तर

1. कार्डमधलं सगळं आधी फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरवर कॉपी करा.
2. कॉपी झालेल्या दोन-चार फाइली वाजवून खात्री करा.
3. मगच फोनच्या सेटिंगमधील स्टोरेजमध्ये जाऊन फॉरमॅट करा. 'पोर्टेबल' पर्याय निवडा. 'इंटर्नल' निवडलं तर ते कार्ड स्पीकरवर चालणार नाही.
4. गाणी परत फोल्डर करून भरा.

चुकून फॉरमॅट झालंच, तर त्या कार्डवर नवीन काहीही भरू नका. कार्ड काढून बाजूला ठेवा. वर नवीन लिहिलं गेलं नसेल तर रिकव्हरी सॉफ्टवेअरने जुन्या फाइली मिळण्याची शक्यता असते. आणि गाणं चालू असताना कार्ड ओढून काढू नका, आधी स्पीकर बंद करा.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे, मंडळाचे आवाज एकाच कार्डवर ठेवू नका. एक प्रत फोनमध्ये, एक दुसऱ्या कार्डवर ठेवा. 32 जीबीचं कार्ड पुन्हा विकत मिळतं, तो आवाज मिळत नाही.