अंदाजाची किंमत

३ जानेवारी २०१८ रोजी ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ जगासमोर आले, तेव्हा त्यांना प्रोसेसरमधील चूक म्हटले गेले. इतिहास पाहता हा शब्द अपुरा वाटतो.

१९६७ मध्ये रॉबर्ट टोमासुलो यांनी आयबीएमच्या ३६०/९१ साठी एक पद्धत मांडली : आज्ञांच्या क्रमाची वाट न पाहता, जिची सामग्री हाती आली ती आज्ञा आधी उरकायची. १९९५ च्या पेंटियम प्रोमध्ये तिला पुढची वाट ओळखून काम आगाऊ करण्याची जोड होती. अंदाज चुकला की केलेले काम रद्द. पण कॅशमध्ये आलेली माहिती तिथेच राहते आणि वाचनाला लागणारा वेळ मोजला की गुपित फुटते.

मेल्टडाउनने मुख्यतः इंटेलला गाठले. आर्मचा कॉर्टेक्स-ए७५ही सापडला. एएमडी वाचली, कारण तिचे प्रोसेसर परवानगी नसलेली माहिती अंदाजानेही पुढे देत नव्हते. स्पेक्टरने मात्र तिघांनाही गाठले. सुटले ते रांगेत चालणारे साधे प्रोसेसर : रास्पबेरी पाय ३ मधील कॉर्टेक्स-ए५३, इंटेलचेच २०१३ पूर्वीचे ॲटम.

उत्तर बरोबर येईल, एवढेच वचन प्रोसेसरने दिले होते. वेळेबद्दल ते मौन होते. वेळ मोजून गुप्त किल्ली काढता येते, हे पॉल कोचर यांनी १९९६ मध्येच दाखवले होते. स्पेक्टरच्या शोधनिबंधावर पहिले नाव त्यांचेच आहे. मधल्या २२ वर्षांत स्पर्धा वेगाचीच राहिली.