जुनी म्हणजे भारी? मुरलेली बोर्दो रेड वाईन नेमकी कशी पारखतात?

५ डिसेंबर १९८५. लंडनमध्ये क्रिस्टीज या लिलाव संस्थेत वाईनच्या एका बाटलीवर बोली लागली आणि १ लाख ५ हजार पौंडांवर हातोडा पडला. तोपर्यंत एका बाटलीला एवढी किंमत कधीच मिळाली नव्हती. बाटलीच्या काचेवर १७८७ हे साल, लाफित हे नाव आणि ‘टीएच. जे.’ ही अक्षरं कोरलेली होती. ही अक्षरं म्हणजे थॉमस जेफरसन, अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष, असं सांगितलं गेलं. अमेरिकेतल्या फोर्ब्स कुटुंबाने ही बाटली घेतली आणि प्रदर्शनात मांडली. तिथल्या दिव्यांच्या उष्णतेने तिचं बूच आकसलं आणि सरळ आत पडलं.

पुढे याच साठ्यातल्या चार बाटल्या विकत घेतलेले अमेरिकन उद्योगपती बिल कोक यांनी तपास करून घेतला. कोरीवकाम विजेवर चालणाऱ्या हत्याराने केलं असावं, असं तज्ज्ञांनी सांगितलं. जेफरसन यांच्या काळात असं हत्यार असणं शक्यच नव्हतं. प्रकरण कोर्टात गेलं. बाटल्या बाजारात आणणारे जर्मन संग्राहक हार्डी रोडेनस्टॉक यांनी आरोप फेटाळले.

पण यात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. १ लाख ५ हजार पौंड मोजले गेले ते नावाला आणि वयाला. ग्लासात काय उतरलं असतं, हे कुणीच पाहिलं नव्हतं. आजही जुन्या बोर्दोच्या बाटलीला लाखांत भाव मिळतो. मग ती खरंच त्या लायकीची आहे का, हे ओळखायचं कसं?

बोर्दो म्हणजे काय?

बोर्दो हे फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडचं शहर आणि त्याच्या भोवतीचा द्राक्षांचा पट्टा. गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या इथे एकत्र येतात आणि त्यांची जिरोंद ही खाडी तयार होते. डाव्या काठावर मेदोक आणि ग्राव्ह हे भाग येतात. तिथली जमीन खडीची, आणि मेदोकमध्ये मुख्य द्राक्ष कॅबरने सोविन्यों. उजव्या काठावर सांतेमिलियों आणि पोमरोल. तिथे चिकणमाती आणि चुनखडी जास्त, त्यामुळे मर्लो द्राक्षाचा जोर.

बोर्दोची रेड वाईन सहसा एकाच द्राक्षाची नसते, दोन-तीन जातींचं मिश्रण असतं. कॅबरने सोविन्यों तुरटपणा आणि टिकाऊपणा देतं, मर्लो मऊपणा देतं.

१८५५ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी नेपोलियन तिसरा याच्या सांगण्यावरून इथल्या वाईनरींची क्रमवारी लावली गेली. पहिला ते पाचवा असे पाच दर्जे ठरले आणि ती यादी अगदी किरकोळ बदल वगळता आजही चालते. बाजारातला भाव बऱ्याच अंशी या यादीवर ठरतो.

वाईन ‘मुरते’ म्हणजे आत काय होतं?

लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, तशीच वाईनही मुरते. फरक इतकाच की बहुतेक वाईनना मुरण्याची गरजच नसते. जगातली बरीचशी वाईन विकत घेतल्यावर वर्ष-दोन वर्षांत प्यायची म्हणूनच बनते. साधी बोर्दोही पाचेक वर्षांत आपलं सगळं देऊन मोकळी होते. नामांकित वाईनरीची, चांगल्या सालातली बाटली मात्र वीस, तीस, कधी कधी पन्नास वर्षंही तग धरते.

त्याचं कारण टॅनिन. द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि काही प्रमाणात ओकच्या पिंपातून टॅनिन वाईनमध्ये उतरतं. जास्त उकळलेल्या चहाने किंवा कच्च्या सुपारीने जीभ कोरडी पडते, तेच काम टॅनिन करतं. नव्या बोर्दोमध्ये हा तुरटपणा हिरड्यांना झोंबतो. वर्षं जातात तसे टॅनिनचे आणि रंगद्रव्यांचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि शेवटी गाळ बनून तळाशी बसतात. वाईन मऊ होते, रंग उतरतो आणि नवे वास तयार होतात.

पण या बदलाची किंमतही असते. ताज्या फळाचा वास आणि चव दरवर्षी थोडी थोडी कमी होत जाते. त्यामुळे पारख करताना खरा प्रश्न हा असतो: तुरटपणा मऊ झाला, पण तोवर फळ शिल्लक राहिलं का?

बाटली उघडण्याआधी काय बघायचं?

सगळ्यात आधी वाईनची पातळी. नव्या बाटलीत वाईन गळ्यापर्यंत असते. बुचातून हळूहळू बाष्प जातं आणि पातळी उतरते. तीस वर्षांच्या बाटलीत वाईन गळ्याच्या तळाशी असेल तर उत्तम, खांद्याच्या वरच्या भागात असेल तर चालेल. खांद्याच्या मध्याखाली गेली असेल तर धोका, कारण आत हवा जास्त शिरलेली असते.

दुसरी गोष्ट साठवण. बाटली आडवी, अंधारात आणि १२ ते १४ अंश तापमानात राहायला हवी. मुंबई किंवा नागपूरच्या घरात कपाटात दहा वर्षं ठेवलेली बाटली मुरत नाही, शिजते. म्हणून जाणकार आधी विचारतात की बाटली आजवर कुठे आणि कशी राहिली.

तिसरी गोष्ट साल. बोर्दोवर अटलांटिकच्या हवामानाचा परिणाम होतो आणि पावसाने पीक बिघडू शकतं. १९६१, १९८२, २००५, २०१० ही गाजलेली सालं. २०१३ मात्र कमजोर मानलं जातं. त्यामुळे २००५ ची वाईन अजून दमदार असताना आठ वर्षांनी धाकटी असलेली २०१३ ची वाईन आधी थकू शकते.

प्यायच्या आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवतात, म्हणजे गाळ तळाशी बसतो. मग मेणबत्ती किंवा टॉर्चच्या उजेडात, एकाच धारेत, हळूहळू दुसऱ्या भांड्यात ओततात. गाळ गळ्याशी दिसला की थांबायचं. नवी वाईन हवा लागावी म्हणून तास-दोन तास ठेवतात. खूप जुन्या वाईनला तसं ठेवलं तर उरलासुरला वासही उडून जाऊ शकतो. ती ओतल्यावर लगेच प्यायला घेतात. तापमान १६ ते १८ अंश.

आधी डोळे

ग्लास तिरका करून पांढऱ्या कागदावर धरायचा आणि कडेचा रंग बघायचा. नवी बोर्दो जांभळट दिसते, मग माणकासारखी लाल, मग विटकरी आणि शेवटी तपकिरी. वीस-पंचवीस वर्षांच्या वाईनची कड विटकरी झालेली असेल आणि मध्यभागी अजून लाली असेल, तर ते चांगलं लक्षण. सगळा ग्लास चहासारखा तपकिरी दिसला तर वेळ निघून गेली, असं समजायचं. गाळ नीट बसवूनही वाईन गढूळ असेल, तरी सावध व्हायचं.

मग नाक

खरी परीक्षा इथे होते. आधी ग्लास न हलवता वास घ्यायचा, मग हलवून पुन्हा.

बोर्दोच्या वासाचे तीन थर सांगितले जातात. पहिला फळाचा: काळे मनुके वाटावेत असा युरोपातला ब्लॅककरंट, प्लम. दुसरा बनवण्याच्या पद्धतीतून आलेला: ओकच्या पिंपाचा, व्हॅनिलासारखा. तिसरा वयाने आलेला: सिगारची पेटी, देवदाराचं लाकूड, तंबाखूचं पान, जुनं चामडं, मशरूम, ओल्या जंगलातला पालापाचोळा. पुस्तकी वर्णन परकं वाटत असेल तर कोल्हापुरी चपलांच्या दुकानात शिरताना येणारा वास किंवा पावसात भिजलेल्या आमराईतली माती आठवा, अंदाज येईल.

मुरलेल्या वाईनमध्ये तिसरा थर वर आलेला असतो. पण त्याखाली फळ लागायला हवं, मग ते सुकलेलं का असेना. फक्त चामडं आणि पाचोळा उरला असेल तर वाईन उताराला लागली आहे.

शेवटी जीभ

इथे मराठी माणसाची एक सोय आहे. तुरट ही चव त्याला लहानपणापासून माहीत असते. जांभूळ आणि आवळा खाल्लेल्या जिभेला टॅनिन वेगळं शिकवावं लागत नाही. घोट तोंडभर फिरवायचा आणि बघायचं: तुरटपणा हिरड्यांना ओरखडतो की मखमलीसारखा सरकतो? आंबटपणा तोंडाला पाणी आणतो की बोचतो? मध्यावर चव भरते की पोकळी जाणवते?

मग गिळून (किंवा जाणकार करतात तसं थुंकून) सेकंद मोजायचे. चव किती वेळ रेंगाळते, याला फ्रेंचमध्ये ‘कोदाली’ हे खास माप आहे, एक कोदाली म्हणजे एक सेकंद. चार-पाच सेकंदांत सगळं संपलं तर वाईन साधी. दहा-पंधरा सेकंद टिकून, तीही सुखद राहिली, तर दर्जा मोठा.

बिघडलेली कशी ओळखायची?

ओला पुठ्ठा किंवा दमट वर्तमानपत्राचा वास आला तर दोष बुचाचा. टीसीए नावाच्या रसायनामुळे हे होतं, आणि कितीही महाग बाटलीत होऊ शकतं. व्हिनेगर किंवा नेलपॉलिशसारखा वास म्हणजे वाईन आंबली. घोड्याच्या तबेल्यासारखा वास ब्रेटॅनोमायसीस या यीस्टमुळे येतो. तो थोडा असेल तर काहींना आवडतो, जास्त झाला की बाकी सगळं झाकून टाकतो. हे सगळे दोष ‘जुनी आहे, अशीच लागणार’ म्हणून खपवले जाण्याची शक्यता असते. वय आणि बिघाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

निकाल कसा देतात?

शेवटी चार गोष्टी तपासल्या जातात: तोल, चवीची लांबी, तीव्रता आणि गुंतागुंत. तुरट, आंबट, फळ आणि अल्कोहोल यातलं काही एकटंच पुढे येतं का? दर घोटाला काही नवं सापडतं का? यावरून दर्जा ठरतो. त्यापुढे आणखी एक प्रश्न असतो: वाईन चढणीवर आहे, शिखरावर आहे की उतारावर?

आणि लेबलचं काय?

ते झाकून ठेवलेलंच बरं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोर्दो विद्यापीठातल्या वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाईट वाईन गंधहीन लाल रंग घालून दिली गेली. त्यांनी तिच्या वासाचं वर्णन रेड वाईनसारखं केलं. डोळ्यांनी नाकाला फसवलं. लेबलवरचं नाव आणि साल तर त्याहून सहज फसवू शकतं.

वयाबद्दलचा सर्वात मोठा समजही असाच झाकलेल्या बाटल्यांनी मोडला. १९७६ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी नाव न बघता चव घेतली आणि रेडमध्ये कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप पहिली आली. तेव्हा बोर्दोच्या बाजूने सांगितलं गेलं, आमच्या वाईन मुरू द्या, मग बघा. तीस वर्षांनी, २४ मे २००६ रोजी, लंडन आणि कॅलिफोर्नियातल्या नापामध्ये त्याच रेड वाईनची पुन्हा परीक्षा झाली. पहिली आली कॅलिफोर्नियाची १९७१ ची रिज मॉन्टे बेलो. पहिल्या पाचही जागा कॅलिफोर्नियाने घेतल्या. सर्वात वरची बोर्दो होती १९७० ची शातो मुटाँ रॉथशिल्ड, सहाव्या क्रमांकावर.

याचा अर्थ बोर्दो मुरत नाही असा नाही. चांगल्या सालातली, नीट सांभाळलेली बाटली आजही अनेकांना थक्क करते. पण तिचं वय हे वचन असतं, पुरावा नसतो. पुरावा ग्लासात असतो: विटकरी कडेच्या आत उरलेली लाली, पाचोळ्याखाली लागणारं फळ आणि घोट संपल्यावरही रेंगाळणारे ते दहा-पंधरा सेकंद.