दुपारचा एक

आठ दिवस उरलेले. बुधवार, 10 जुलै 2024.

पेरण्या आटोपून कपाशीत डवऱ्याच्या पाळ्या सुरू होण्याचे हे दिवस. अकोल्यात काय, अमरावतीत काय, चार माणसं भेटली की बोलणं पावसाचं आणि तणाचं. त्याच दिवशी इथेरियमच्या साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, कोणीतरी एक छोटा प्रोग्राम नेऊन ठेवला. त्या साखळीवरची प्रत्येक नोंद जगाला उघडी असते, कोणीही वाचू शकतो. पण लाखो नोंदींत ही एक कोण वाचणार? ती मुंबईच्या वझीरएक्स या आभासी चलनाच्या बाजाराची तिजोरी उघडण्यासाठी केलेली तयारी होती, हे आठ दिवसांनी कळलं.

बाजार त्या दिवसांत सावरत होता. एप्रिलमध्ये बिटकॉइनचं हाल्व्हिंग झालं होतं, म्हणजे नवीन नाणी निघण्याचा वेग निम्मा झाला होता. जर्मनीतल्या सॅक्सनी राज्याने जप्त केलेले हजारो बिटकॉइन विकून संपवले आणि भाव पुन्हा चढू लागला. आणखी एक बातमी त्याच जुलैची, पण तिच्याकडे आपल्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. 2014 मध्ये बुडालेल्या जपानच्या माउंट गॉक्स या बाजाराचे ग्राहक आपली नाणी परत मिळायला सुरुवात होताना पाहत होते. मध्ये दहा वर्षं गेली होती.

31 तास उरलेले. बुधवार, 17 जुलै, सकाळी 6.

आषाढी एकादशी. शेगावहून पायी निघालेली गजानन महाराजांची पालखी पंढरपुरात होती, आणि आमच्या अकोल्यातली निम्मी घरं मनाने तिथेच. त्याच दिवशी मोहरमची सुटी. बँका बंद, मुंबईचा शेअर बाजार बंद. आभासी चलनाच्या बाजाराला मात्र सण नसतो, रात्र नसते. माझा भाचा अमरावतीला गाडगेनगरात खोली करून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. तो सुटीचा अकोल्याला आला होता आणि सकाळपासून फोनवरच्या हिरव्या-लाल रेघा पाहत होता.

उपवासाची भगर खाताना आमची जुंपली. हा वाद आमच्यात तेव्हा तीन वर्षं चालू होता.

"मामा, याच्यात कोनाच्या भरोशाचं कामच नाही," तो म्हणाला. "बँकेत तुमचे पैसे मॅनेजरच्या हाती. इथं सगळा हिशोब साखळीवर. कोनी खोडू नाही शकत."

"मग तुझी नाणी कुठं आहेत?"

"ॲपवर."

"म्हणजे कोणाकडे?"

तो थोडा थांबला. "ॲपवर, मामा."

इथेच माझी शंका अडून बसते. बिटकॉइन निघालं ते 2008 च्या जागतिक बँकबुडीनंतर, कोणावरही विश्वास ठेवावा लागू नये म्हणून. कल्पना खरोखर मोठी होती. पण अकोल्यातला किंवा परतवाड्यातला मुलगा ते घेतो ते एका ॲपवरून. नाण्याची गुप्त किल्ली त्याच्याकडे नसते, ती ॲपच्या मालकाकडे असते. त्याच्याकडे असतो तो फोनच्या पडद्यावरचा एक आकडा. अडत्याने तोंडी सांगितलेल्या बाकीसारखा.

भाच्याचं एक म्हणणं मी तेव्हाही मान्य केलं होतं, आजही करतो. बँकाही बुडतात. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेच्या ठेवीदारांना सुरुवातीला खात्यातून फक्त 1,000 रुपये काढता येत होते. महाराष्ट्र ते विसरलेला नाही. पण त्या ठेवीदारासमोर रिझर्व्ह बँक होती, ठेव विमा होता. 2020 पासून तो विमा 5 लाखांपर्यंत आहे. आभासी चलनाला असं छत्र कोणाचंच नाही.

24 तास उरलेले. बुधवार, दुपारी 1.

सरकारची भूमिका काय, हा प्रश्न त्या दुपारीही मोकळाच होता. एप्रिल 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं. 4 मार्च 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. लगेच टाळेबंदी आली, लोक घरी बसले, आणि निश्चल शेट्टी, समीर म्हात्रे व सिद्धार्थ मेनन यांनी उभा केलेला वझीरएक्स जिल्ह्याजिल्ह्यांत पोचला. फेब्रुवारी 2022 मध्ये गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी बजावलं की या चलनांच्या मुळाशी काही मूल्य नाही, ट्यूलिपच्या फुलाएवढंही नाही. त्याच एप्रिलपासून नफ्यावर 30 टक्के कर बसला, जुलैपासून प्रत्येक व्यवहारावर 1 टक्का कपात. एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करण्याची सोयही नाही.

लोकांनी याचा अर्थ आपापल्या सोयीने लावला. "सरकार टॅक्स घेते म्हनजे चालते न," हे वाक्य मी चहाच्या टपरीवर कितीदा ऐकलं आहे. कर घेणं आणि राखण करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजावणारं कोणी तिथे नव्हतं. मला याचा आजही राग येतो.

इशारे तर वझीरएक्स कंपनीच्या बाबतीतही येऊन गेले होते. ऑगस्ट 2022 मध्ये सक्तवसुली संचालनालयाने तिची 64 कोटी 67 लाखांची रक्कम गोठवली. तेव्हाच बायनान्स या जागतिक बाजाराच्या प्रमुखांनी जाहीर केलं की वझीरएक्सची मालकी आमच्याकडे नाही. विकत घेतल्याची घोषणा 2019 मध्ये झाली होती, व्यवहार पुरा झालाच नाही. कंपनीचा मालक कोण यावर जाहीर भांडण झालं, आणि लाखो लोकांनी पैसे तिथेच राहू दिले. 2023 च्या सुरुवातीला बायनान्सने वझीरएक्सला आपली तिजोरी बंद केली. म्हणून नाणी नव्या तिजोरीत गेली, लिमिनल नावाच्या कंपनीच्या यंत्रणेवर.

18 तास उरलेले. बुधवार, संध्याकाळी 7.

ती तिजोरी नीट समजून घ्यायला हवी, कारण कागदावर ती मजबूत होती. किल्ल्या सहा. पाच वझीरएक्सच्या माणसांकडे, एक लिमिनलकडे. पैसे हलवायला वझीरएक्सच्या तिघांच्या सह्या लागत आणि शेवटची लिमिनलची. वर आणखी एक कुलूप: आधी ठरवलेल्या पत्त्यांवरच पैसे जाणार. सही करायला बोटाएवढं वेगळं यंत्र, ज्याचा इंटरनेटशी थेट संबंध नाही.

म्हणजे चोराला चार सह्या हव्या होत्या. त्या त्याने खऱ्या माणसांकडूनच घेतल्या.

आत काय होतं? निम्म्याच्या आसपास मूल्य शिबा इनू या नाण्याचं, सुमारे 5 लाख 43 हजार कोटी नाणी. हे नाणं तेव्हा एका रुपयाला सहाशेच्या वर मिळायचं. पाचशे रुपये टाकले की तीन लाख नाण्यांचे धनी. पडद्यावर एवढी शून्यं पाहून माणूस सुखावतो. ती तिजोरी बड्या सटोडियांची असती तर तिच्यात बिटकॉइन जास्त दिसलं असतं. तिच्यात शिबा होतं, त्यावरून माझं मन सांगतं की आत खोलीभाड्यातून वाचवलेले, पहिल्या पगारातले, आईकडून मागून घेतलेले पैसे होते.

7 तास उरलेले. गुरुवार, 18 जुलै, सकाळी 6.

द्वादशी. घरोघरी उपवास सोडण्याची घाई. गुरुवार म्हणजे महाराजांचा वार, शेगावकडे जाणाऱ्या गाड्या भरलेल्या. भाचा पहाटेच्या एसटीने अमरावतीला परत गेला.

3 तास उरलेले. सकाळी 10.

अकोल्याच्या बाजार समितीत ढिगाभोवती माणसं जमतात, बोली लागते, मापाडी काटा करतो, अडत्या हिशोबपट्टी फाडून देतो. या पद्धतीत शेतकऱ्याची लूट होत नाही असं मी म्हणणार नाही. पण माल डोळ्यांपुढे असतो, काटा डोळ्यांपुढे असतो, आणि पट्टीवर ज्याचं नाव तो माणूस उद्याही त्याच दुकानात सापडतो.

वऱ्हाडाला दूरच्या भावाचा फटका नवा नाही. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू होतं तेव्हा, 1861 ते 1865, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशावर मुंबईत शेअरचं वेड माजलं. 1865 मध्ये तिकडे युद्ध संपलं आणि इकडे सगळं कोसळलं. बॉम्बे बँकसुद्धा त्यात बुडाली. पण शेतात पऱ्हाटी उभी होती. भाव गेला तरी कापूस राहिला.

वऱ्हाडाला दुसरीही एक गोष्ट माहीत आहे, सावकाराच्या कागदावरचा अंगठा. वाचून दाखवायचं एक आणि लिहायचं दुसरं. कर्जासाठी म्हणून अंगठा घ्यायचा आणि कागद निघायचा खरेदीखताचा. किती वावरं अशी गेली, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे.

त्या सकाळी मुंबईच्या तिजोरीवर नेमकं हेच झालं. वझीरएक्सच्या सांगण्यानुसार सही करणाऱ्यांना संगणकावर रोजच्यासारखा व्यवहार दिसत होता. हातातल्या छोट्या यंत्रावर दिसत होती न वाचता येणारी अक्षरं-आकड्यांची माळ. त्यांनी सह्या केल्या. लिमिनलकडची सहीही पडली. आणि ज्यावर सह्या पडल्या तो आदेश पैसे पाठवण्याचा नव्हता, तिजोरीचे नियमच बदलण्याचा होता. यापुढे 10 जुलैला ठेवलेला तो प्रोग्राम म्हणेल तसं. सहा किल्ल्या, ठरलेल्या पत्त्यांची यादी, सगळं एका क्षणात निरुपयोगी झालं.

शेवटचा टप्पा. एकच्या आधी.

मग एकेक थैली उचलली गेली. शिबा, सुमारे 10 कोटी 20 लाख डॉलरचं. इथेरियमचं नाणं इथर, 15 हजारांहून जास्त. 2 कोटींवर मॅटिक. 64 हजार कोटी पेपे. 13 कोटींवर गाला. 57 लाखांवर टेदर. एकूण सुमारे 23 कोटी 50 लाख डॉलर, म्हणजे 2,000 कोटी रुपयांच्या घरात. कंपनीने आपल्याकडे असल्याचं सांगितलेल्या सगळ्या मालमत्तेचा हा 45 टक्क्यांच्या आसपासचा वाटा.

सायव्हर्स या सुरक्षा कंपनीने एक्स या समाजमाध्यमावर वझीरएक्सला जाहीर हाक दिली की तुमच्या तिजोरीतून रक्कम नव्या पत्त्यावर गेली आहे. चोर तोवर मिळालेली नाणी विकून इथर घेऊ लागला होता, कारण इथर कोणी गोठवू शकत नाही. त्याच्या विक्रीने शिबाचा जगभरचा भाव घसरला. साखळीवर हे सगळं उघड दिसत होतं. बघणारे बघत होते, थांबवणं कोणाच्याच हाती नव्हतं. भाचा ज्याला गुण म्हणायचा, की नोंद कोणी खोडू शकत नाही, ती आता चोराच्या नावाची नोंद होती.

गुरुवार, 18 जुलै, दुपारी 1.

पैसे काढणं बंद. नाणीही नाही, रुपयेही नाही. चोरी नाण्यांची झाली होती, पण ज्यांनी नाणी न घेता नुसते रुपये ठेवले होते त्यांच्यापुढेही दार लागलं.

पहिली रात्र, आणि पुढच्या.

खरेदी-विक्री मात्र चालू ठेवली गेली, हे मला सगळ्यांत क्रूर वाटतं. बाहेर जायला वाट नाही आणि आत बाजार भरलेला. घाबरलेल्यांनी बाहेरच्या भावापेक्षा पुष्कळ कमीत विकलं, काहींनी ते स्वस्त म्हणून घेतलं. 21 जुलैला तेही थांबवलं. मग ऑगस्टमध्ये कंपनीने सांगितलं की गुरुवारी दुपारी 1 नंतरचे सगळे सौदे रद्द, खाती त्या क्षणाला होती तशी मागे नेणार. ज्यांनी तिजोरी रिकामी झाली ते चोराचे व्यवहार मागे घेता येत नव्हते. ग्राहकांचे आपसातले घेता आले.

दरम्यान 23 जुलैला केंद्राचा अर्थसंकल्प आला. 30 टक्के कर होता तिथेच राहिला, आणि गुंतवणूकदाराच्या राखणीबद्दल नवीन काही आलं नाही.

दोष कोणाचा? वझीरएक्सने लिमिनलकडे बोट दाखवलं, लिमिनलने वझीरएक्सकडे. एकाने मँडियंट या सायबर तपास कंपनीचा अहवाल पुढे केला की सह्यांच्या तीन लॅपटॉपमध्ये घुसखोरीचा पुरावा मिळाला नाही. दुसऱ्याने ग्रँट थॉर्नटन या लेखापरीक्षण कंपनीचा, की आमची यंत्रणा शाबूत होती. जानेवारी 2025 मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी संयुक्तपणे ही चोरी उत्तर कोरियाची म्हटली. चोरलेलं इथर त्याआधीच माग पुसणाऱ्या टोर्नेडो कॅश या सेवेतून धुऊन निघालं होतं.

आणि दाद? महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी कायद्याखाली अंगठ्याने गेलेलं वावर परत मागायला जिल्हा निबंधकाचं दार आहे. चपला झिजतात, पण दार आहे. इथे कागदपत्रांत मूळ कंपनी निघाली सिंगापूरची झेट्टाई. फैसला तिथल्या उच्च न्यायालयात. जून 2025 मध्ये न्यायालयाने परतफेडीची योजना नाकारली, ऑगस्टमध्ये पुन्हा मतदान झालं, 13 ऑक्टोबरला मंजुरी मिळाली. दावे मोजले ते त्या गुरुवारी दुपारी एकच्या भावाने. बाजार पुन्हा उघडला 24 ऑक्टोबर 2025 ला, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी.

भाचा त्या दिवाळीला घरी होता. त्याची नाणी या कंपनीत नव्हती, तरी त्याने ती आपल्या ॲपवरून काढून स्वतःच्या छोट्या यंत्रात घेतली होती. यंत्राने दिलेले 24 इंग्रजी शब्द त्याने वहीच्या पानावर लिहिले होते. त्या शब्दांत सगळं आलं, तो म्हणाला. यंत्र मोडलं तरी चालेल, पान हरवलं तर संपलं.

मी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. तिच्यात आमचं खरेदीखत आहे, सातबारा आहे, आजोबांच्या वेळच्या जिनिंगच्या पावत्या आहेत. खरेदीखत हरवलं तर नक्कल निबंधक कार्यालयात मिळते, हे मी त्याला सांगितलं.

"याची नाही मिळत, मामा," तो म्हणाला, आणि पान चार घड्या करून प्लास्टिकच्या पिशवीत घातलं. पिशवी सातबाऱ्याखाली ठेवली. मग पुन्हा काढली, शब्द एकेक करून मोजले, आणि परत ठेवली.