पगारातल्या दोनशे रुपयांची कुळकथा

महाराष्ट्रातल्या बहुतेक नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कराचे दरमहा २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे अडीच हजार. हा कर मुळात रोजगार हमीसाठी बसवला, हे आज कितीजणांना ठाऊक आहे?

हमीची कल्पना वि. स. पागे यांची. विधान परिषदेचे सभापती असलेल्या पाग्यांनी मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग साठच्या दशकात सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात करून पाहिला. १९७२ मध्ये योजना राज्यभर जाहीर झाली आणि पाठोपाठ मोठा दुष्काळ आला. ७३ च्या उन्हाळ्यात लाखो बायाबापड्या सरकारी कामांवर खडी फोडत होत्या, पाझर तलावांची माती वाहत होत्या. पण दुष्काळी कामं पाऊस पडला की बंद होतात. भूमिहीन मजुराला मात्र सुकाळातही काम लागतंच.

कायमची हमी द्यायची तर कायमचा पैसा हवा. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. विक्रीकर, मोटार वाहन कर आणि बागायती जमिनीवरही जादा आकारणी आली. जमा रक्कम रोजगार हमी निधीत जायची आणि राज्य सरकारने तेवढीच भर घालायची. कराचा मोठा वाटा मुंबईसारख्या शहरांतून यायचा, काम मिळायचं खेड्यात. महाराष्ट्राने घेतलेल्या उत्तम निर्णयांपैकी हा एक आहे, असं मी मानतो. १९७७ चा हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला तेव्हा त्याच्यामागे स्वतःची तिजोरी उभी होती. मजुराने कामाच्या मागणीचा नमुना ४ भरून द्यायचा, पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता मागायचा. १९९० नंतर याच पैशातून शेतकऱ्यांच्या बांधावर आंबा, डाळिंब, बोरही उभं राहिलं.

२००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला. आमचा कर मात्र चालूच राहिला. राज्यघटनेने या कराला घातलेली वर्षाला २५० रुपयांची मर्यादा १९८८ मध्ये अडीच हजार झाली, ती आजही तिथेच आहे. रोजगार हमीचाच पुढचा टप्पा म्हणून शेतमजुरांच्या मुलांना गवंडीकाम, वायरिंग, पंपदुरुस्ती शिकवायची आणि शिकताना रोजही द्यायचा, तर त्याला हा पैसा हक्काचा आहे. या कराचा वर्षाचा जमाखर्च अर्थसंकल्पाच्या वेळी वेगळा वाचून दाखवा, असं आपापल्या आमदाराला एकदा लिहा.